मुकुंदच्या हातचं

"टीव्ही बघतोय गं," मुकुंद म्हणाला आणि हातातली सुरी त्यानं आवाज न करता ओट्यावर ठेवली.

फोन स्पीकरवर होता. पलीकडे मिरजेत रविवारची सकाळ उजाडत होती. आमच्याकडे, कॅनडातल्या रेजायना गावात, शनिवारची संध्याकाळ होती. सासूबाई पहाटे उठून, आंघोळ उरकून, फोनपाशी बसायच्या.

"आणि शर्वरी काय करतेय?"

"स्वयंपाक."

मी सोफ्यावर पाय वर घेऊन संत्रं सोलत बसले होते. त्यानं माझ्याकडे बघून ओठांवर बोट ठेवलं.

"नाक का ओढतोयस? सर्दी झाली का?"

"थोडीशी."

"बाहेर हिंडू नकोस थंडीचा. ओव्यानं छाती शेकून घे. शर्वरीला सांग, ती देईल शेकून."

"सांगतो."

फोन ठेवल्यावर तो डोळे पुसत हसायला लागला. सर्दी कुठली, समोर कांद्याचा ढीग होता. "मी कांदा चिरतोय हे कळलं ना, तर ती आज तिकडे जेवायची नाही," तो म्हणाला.

ते खरंच होतं. मिरजेच्या घरात पुरुष स्वयंपाकघरात यायचे ते जेवायला बसायला. पाण्याचा पेलाही त्यांना हातात मिळायचा. त्यात मुकुंद एकुलता एक, शेंडेफळही तोच आणि थोरलाही तोच. इथं आल्यावर तो एकच पदार्थ शिकला, ऑफिसातल्या एका बाईकडून. स्लो कुकरमध्ये करायचा. जाड चिनी मातीचं पांढरं भांडं, त्यावर काचेचं झाकण, आणि खालून विजेची इतकी मंद आच की हात लावला तरी सहन व्हावी. त्यात तो बटाट्याच्या किसाचा थर द्यायचा, वर परतलेला कांदा आणि सिमला मिरची, मग पावाचे तुकडे, चीज, पुन्हा बटाटा. वरून दुधात फेटलेली अंडी ओतायची. शनिवारी रात्री लावलं की रविवारी उठेपर्यंत वड्या पाडण्याइतकं घट्ट झालेलं असायचं. घरभर वास.

अंडं त्या घरात कधी आलेलं नव्हतं. मुकुंद इकडे येऊन खायला लागला हे आईंना माहीत होतं. पण त्यावर बोलायचं नाही, असं मायलेकांमध्ये न बोलताच ठरलेलं होतं.

"बायको झोपलेली, नवरा झोपलेला, आणि न्याहारी आपली आपण होतेय," झाकण ठेवत तो म्हणाला. "याहून काय पाहिजे माणसाला?"

"भांडी घासणारा," मी म्हटलं.

"तेही घासतो. उद्या."

रात्रभर बर्फ पडलं. सकाळी तो उठला तेव्हा मला अर्धवट जाग आली होती. "दारातलं बर्फ काढून येतो, तू झोप," असं काहीतरी तो म्हणाला. मी कूस बदलली. मग दाराची घंटा वाजली ती थांबेचना. खाली जाऊन दार उघडलं तर शेजारचे म्हातारे वॉल्टर उभे होते, घरातल्या चपलांवर, डोक्यात टोपी नाही. त्यांना नीट बोलता येत नव्हतं. ते फक्त मागं हात करत होते.

मुकुंद बेचाळीस वर्षांचा होता. दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले की थंडीत फावडं मारताना हृदय असं बंद पडतं, दरवर्षी होतं, तो पडला तेव्हाच संपलं होतं. मी मान हलवत राहिले. त्यांनी त्याचे हातमोजे एका पिशवीत घालून माझ्याकडे दिले.

संध्याकाळी सविता पेडणेकर मला घरी घेऊन आली. गावातली दोन-चार मराठी घरं, त्यातलं एक तिचं. दार उघडलं आणि वास आला. खमंग, गरम, कुणीतरी आपली वाट बघत असावं तसा. सविता उंबऱ्यातच थांबली. "काय शिजतंय गं?" ती हळू आवाजात म्हणाली.

कुकरचा दिवा लागलेला होता. शिजून झाल्यावर तो आपोआप ऊब धरून ठेवायचा. सकाळपासून ऊब धरून होता.

सविता मोठी कामसू. मयताच्या घरात शिजलेलं अन्न ठेवत नाहीत म्हणून तिनं फ्रीजमधली आमटी, भात, दह्याचं भांडंसुद्धा रिकामं केलं. ते भरून बाहेर टाकायला गेली तेवढ्यात मी झाकण काढलं. उलथन्यानं कापून सगळं एका मोठ्या डब्यात भरलं, बेसमेंटमध्ये गेले आणि डीप फ्रीझरच्या तळाशी, मटारच्या पिशव्यांखाली ठेवून दिलं. ती परत आली तेव्हा मी भांडं घासत होते.

"टाकलंस ना ते?"

"हो," मी म्हटलं.

दारातलं बर्फ त्यानं निम्मं काढलं होतं. रस्त्यापासून निम्म्यापर्यंत काळी स्वच्छ पट्टी, आणि जिथं तो थांबला तिथं बर्फाला सुरीनं कापल्यासारखी उभी कड. वॉल्टर दोनदा फावडं घेऊन आले. दोन्ही वेळा मी त्यांना परत पाठवलं. त्यावर नवं बर्फ पडायचं, वारा ते उडवून न्यायचा, आणि कड पुन्हा दिसायला लागायची. मी मागच्या दारानं जा-ये करायचे. घरात त्याचा फोन चार्जरला लावून ठेवला होता. रविवारी सकाळी न्याहारीसाठी लावलेला त्याचा गजर वाजायचा. मी तो बंद करायचे, कायमचा मात्र करायचे नाही.

आणि रोज कामावर जायच्या आधी बेसमेंटमध्ये जायचे. फ्रीझर उघडायचे, मटार बाजूला करायचे, डब्यावर हात ठेवायचे. बोटं बधिर झाली की झाकण लावून वर यायचे. यात वेडेपणा आहे असं मला वाटलं नाही. घरात ही एकच गोष्ट अशी होती जी त्यानं करून ठेवली होती आणि अजून संपली नव्हती.

आईंना व्हिसा मिळेपर्यंत बर्फ वितळायला लागलं होतं. सत्तरी उलटलेली बाई, विमानात कधी बसलेली नाही, एकटी आली. विमानतळावर मला बघून रडल्या नाहीत. माझा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि म्हणाल्या, "वाळलीस."

घरी आल्यावर त्या गाडीतून उतरून दारात तशाच उभ्या राहिल्या. ती कड तोवर गुडघ्याएवढी, मळकी, भोकाभोकांची झाली होती.

"इथं?" त्यांनी विचारलं.

"हो."

त्यांनी वाकून त्या बर्फाला हात लावला. चपला काढून आत आल्या.

त्या माझ्याकडे दोन महिने राहिल्या. येताना स्वतःचा छोटा कुकर, कढई आणि उलथनं घेऊन आल्या होत्या. माझ्या भांड्यांना अंडं लागलेलं असणार हे त्या बोलल्या नाहीत, मीही विचारलं नाही. फ्रीजचं दार त्या दोन बोटांनी उघडायच्या. मी कामावरून यायचे तेव्हा ताट वाढलेलं असायचं. जेवताना आम्ही पातळ भाजीबद्दल बोलायचो, इथल्या तांदळाबद्दल बोलायचो. मुकुंदबद्दल नाही. दिवसभर त्या घरात काय करत असतील ते मला वस्तूंवरून कळायचं. त्याच्या शर्टांच्या घड्या बदललेल्या असायच्या. त्याचे बूट पुसलेले असायचे.

एकदा रविवारी गजर वाजला तेव्हा त्या माझ्या आधी फोनपाशी पोचल्या होत्या. कसा बंद करतात ते त्यांना येत नव्हतं. फोन दोन्ही हातांत धरून त्या उभ्या होत्या, आणि तो वाजत होता. मी घ्यायला हात पुढे केला तर म्हणाल्या, "राहू दे. वाजू दे थोडा."

त्यांच्या जाण्याच्या दोन दिवस आधीची गोष्ट. शनिवार होता. मी दुपारी त्यांच्यासाठी सुका मेवा आणायला गेले होते. परत आले तर त्या टेबलाशी बसल्या होत्या, आणि समोर, घडी केलेल्या पंचावर, तो डबा होता. त्याच्या अंगावर बर्फाचा पांढरा थर होता आणि खाली पंचा ओला होत चालला होता.

माझ्या हातातली पिशवी खाली पडली.

"ठेवा तो," मी म्हटलं. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. "कुणी सांगितलं तुम्हाला काढायला?"

"कुणी नाही. रोज सकाळी खाली जातेस. एक दिवस मागं येऊन बघितलं."

"मला माहितेय, मयताच्या घरातलं अन्न ठेवायचं नसतं. सविता सांगून गेलीय. अंड्याचं आहे, तेही माहितेय. मी तुमच्या कशाला लागू दिलेलं नाही ते. टाकायला नाही देणार मी."

"टाकायला?" त्या म्हणाल्या.

डब्याच्या कडेवरून एक थेंब ओघळला तो त्यांनी बोटानं टिपला.

"त्यानं केलंय ना?"

मी मान हलवली.

"मी उघडला नाही. तुझी वाट बघत होते." त्यांनी पदर खांद्यावरून पुढे घेतला. "शर्वरी, तो पाच-सहा वर्षांचा असेल. माझ्या शेजारी पोळपाट घेऊन बसला होता लाटायला. मी हाकललं त्याला. म्हटलं, बायकांची कामं करतोस, लोक हसतील. रडत गेला. परत आला नाही कधी स्वयंपाकघरात. कॉलेजात असताना मला ताप आला होता, तेव्हा म्हणाला, आई, चहा करू का? मी उठले आणि मीच केला. त्यालाही दिला."

त्या डब्याकडे बघत होत्या.

"त्याच्या हातचं मी कधी काही खाल्लं नाही. चहाचा घोटसुद्धा नाही. परवा मी जाणार. पुन्हा यायला होईल असं वाटत नाही मला."

मी त्यांच्यासमोरच्या खुर्चीवर बसले. त्या काय मागत होत्या ते मला कळत होतं, आणि द्यायची माझी तयारी नव्हती. हे खरं आहे. इतके दिवस ते माझं होतं. कुणाला दाखवलंही नव्हतं. खाल्लं की संपणार होतं.

"आई, यात अंडं आहे. भरपूर आहे."

"ऐकलं मघाशीच. म्हातारी झाले, कान आहेत अजून."

"तुम्ही आयुष्यात..."

"माझं मी बघीन. वर गेल्यावर कुणी विचारलं तर सांगीन मुलानं केलं होतं म्हणून." मग एकदम आवाज खाली आला. "तू नको म्हणालीस तर नको. ठेवून येते परत. तुझाच आहे तो."

डब्यातलं बर्फ तळाशी सुटायला लागलं होतं. आत कुठेतरी बारीक तडतड ऐकू येत होती. मी उठले आणि ओव्हन लावला.

गरम व्हायला वेळ लागला. आम्ही दोघी स्वयंपाकघरात उभ्या होतो. हळूहळू वास यायला लागला, तोच. मी ओट्याला धरलं. आईंनी डोळे मिटले होते. त्या नुसता श्वास घेत होत्या.

मी दोन ताटल्या घेतल्या. वाढायला उलथनं हातात घेतलं तेव्हा त्या म्हणाल्या, "एक विचारू?"

"विचारा."

"त्या दिवशी सकाळी... बाहेर जायच्या आधी त्यानं खाल्लं होतं का यातलं?"

मी त्यांच्याकडे बघितलं. इतके दिवस त्यांनी डॉक्टर काय म्हणाले ते विचारलं नव्हतं, त्याला वेदना झाल्या का ते विचारलं नव्हतं. शर्टांच्या घड्या घालताना, बूट पुसताना त्या हेच विचारायचं की नाही ते ठरवत होत्या, हे मला त्या क्षणी समजलं.

"हो," मी म्हटलं. "खाऊन गेला."

"नक्की?"

"हो आई. उभ्या उभ्याच खाल्लं."

"केवढं?"

मी डावा तळहात पुढे केला आणि उजव्या हाताच्या बोटानं त्यावर एक चौकोन काढला. "एवढं."

त्या माझ्या तळहाताकडे बघत राहिल्या. इतका वेळ, की मला हात मागे घ्यावासा वाटला. पण मी घेतला नाही.

"मग मलाही तेवढंच वाढ," त्या म्हणाल्या.

मी तेवढाच तुकडा कापला. त्यांनी चमचा बाजूला सारला. हातानं खाल्लं. पहिला घास तोंडात घेऊन त्या थांबल्या, गिळताना मान जराशी पुढे आली, आणि मला वाटलं आता त्यांना उलटी होणार. तसं झालं नाही. दुसरा घास घेतला. तिसऱ्या घासाला बोटांनी काहीतरी बाजूला काढून निरखून बघितलं.

"हे हिरवं काय?"

"सिमला मिरची."

"सिमला मिरची? तो खायचा?"

"आवडायची त्याला."

"घरी ताटाच्या कडेला काढून ठेवायचा सगळी. एक तुकडा पोटात जाऊ द्यायचा नाही." त्यांनी तो तुकडा तोंडात टाकला आणि सावकाश चावला. "कधीपासून खायला लागला?"

"मला भेटला तेव्हा खायचा."

"अस्सं."

मग त्या आणखी विचारत गेल्या. ऑफिसला डबा काय न्यायचा. रागावला तर बोलायचा की गप्प बसायचा. थंडीत कानटोपी घालायचा का. मी सांगत होते. रागावला तर गाडी धुवायचा, हे ऐकून त्या हसल्या. त्याचे वडील सायकल पुसायचे म्हणाल्या. खिडकीतलं ऊन टेबलावरून खाली उतरलं. त्यांच्या बोटांवर खरकटं वाळून गेलं होतं, पण त्या हात धुवायला उठल्या नाहीत.

उरलेलं आम्ही दुसऱ्या दिवशी खाल्लं. डबा घासून पालथा घातला.

आई मिरजेला परतल्या आणि पुढे बरीच वर्षं जगल्या. मी दोनदा जाऊन आले. घरात कुणी आलं, मुकुंदचा विषय निघाला, की त्या म्हणायच्या, "माझा मुलगा उपाशी नाही गेला. स्वतःच्या हातानं केलं, पोटभर खाल्लं आणि मग बाहेर पडला." ऐकणाऱ्या बायका माना डोलवायच्या. काय केलं होतं ते मात्र त्यांनी कुणाला सांगितलं नाही. शेवटच्या आजारात माणसं ओळखू येईनाशी झाली, तेव्हाही हे एक वाक्य राहिलं होतं, असं त्यांची भाची मला फोनवर म्हणाली.

मुकुंद गेला त्या रविवारी संध्याकाळी मी कुकरचं झाकण काढलं तेव्हा वरचा थर अखंड होता. कडेचं चीज करपून भांड्याला धरलेलं, आणि मधे कुठेही चमचा लागलेला नव्हता. सिंकमध्ये फक्त रात्रीची वाळलेली भांडी होती. कॉफीचा कपसुद्धा नव्हता. परत आल्यावर दोघं मिळून खाऊ असं त्याच्या मनात असणार.

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आता मी दुसऱ्या गावात राहते, दुसरं घर आहे. दवाखान्यातला त्याचा चेहरा, जो मी खरोखर बघितला, तो आठवायचा म्हटलं तर पुसट होत चाललाय. पण जे मी बघितलं नाही ते मात्र स्वच्छ दिसतं. अंगात जाड कोट, एका पायात बूट चढवलेला, ओट्याशी उभा आहे. तळहातावर चौकोनी तुकडा घेऊन त्यावर फुंकर घालतोय. जीभ भाजते, तोंड उघडून वाफ सोडतो. काचेचं झाकण परत ठेवताना ते वाजू नये म्हणून दोन्ही हातांनी धरतो, कारण वर मी झोपलेली आहे.

रविवारी सकाळी मला लवकर जाग येते. मी लगेच उठत नाही. त्याचं खाऊन होऊ देते.